दिसायलंय का सगळ्यांना? पहिल्यांदा स्क्रीन शेअर करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात आता ऑनलाइन मीटिंगचं नावीन्य उरलेलं नाही. जिल्हा परिषद शिक्षकांचं प्रशिक्षण असो, ग्रामपंचायतीचा तालुक्याला द्यायचा आढावा असो, परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांचं सोयाबीनवरचं मार्गदर्शन असो, नाहीतर लातूरच्या एखाद्या क्लासची पालकसभा. लिंक येते, माणसं जमतात आणि सुरुवातीचा वेळ एकाच प्रश्नात जातो. "दिसायलंय का?" कुणी म्हणतं दिसायलंय. कुणी म्हणतं नुसतं काळं दिसायलंय. आणि मधेच एखादे काका शांतपणे सांगतात, "सर, तुमचं व्हॉट्सॲप दिसायलंय बघा."

शेअरचं बटन सापडायला फार वेळ लागत नाही. अडतं ते त्याच्या आधी आणि नंतर. माझं म्हणणं एवढंच आहे की दाखवायचं तेवढंच दाखवा आणि मोबाईलवर वाचता येईल एवढं मोठं दाखवा. आपल्याकडच्या मीटिंगमध्ये बोलणारा लॅपटॉपवर असतो आणि ऐकणारे बहुतेक मोबाईलवर, कुणी शेतात, कुणी एसटीत, कुणी शाळेच्या व्हरांड्यात. लॅपटॉपवर झकास दिसणारा तक्ता त्यांच्याकडे मुंग्यांची रांग होऊन पोचतो.

जातं ते चित्र, फाइल नाही

स्क्रीन शेअर केली म्हणजे तुमची फाइल समोरच्याकडे जात नाही. तुमच्या पडद्यावर त्या क्षणी जे आहे त्याचं चित्र जातं. याचा एक मोठा फायदा आहे. आपल्या कार्यालयांत अजून जुने श्रीलिपी, कृतिदेव फॉन्टमधले मसुदे पडलेले असतात. तशी वर्डची फाइल दुसऱ्याला पाठवली आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसला, की मराठीच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. शेअर करताना ही भानगड नाही. तुमच्याकडे नीट दिसतंय ना, मग सगळ्यांना नीट दिसणार.

तोटाही त्यातच आहे. पडद्यावर जे येईल ते सगळं जाणार, मग ते तुम्ही बोलावलेलं असो वा नसो. समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतो. मीटिंग रेकॉर्ड होत असेल तर अर्ध्या सेकंदासाठी चमकलेला मेसेजही त्यात राहतो.

समोरच्याला तुमच्या कॉम्प्युटरला हात मात्र लावता येत नाही. तो फक्त बघतो. झूममध्ये रिमोट कंट्रोल मागायची सोय आहे, पण ती विनंती तुम्ही मान्य केली तरच चालते. पक्क्या ओळखीचा माणूस नसेल तर नाकारून मोकळं व्हायचं.

टॅब, विंडो की आख्खी स्क्रीन

लॅपटॉपवर शेअर करायला गेलात की बहुतेक ठिकाणी ही निवड समोर येते, आणि नवखा माणूस हमखास 'एंटायर स्क्रीन' निवडतो. का, तर सोपं वाटतं. पाहुणा आला तर त्याला बैठकीत बसवतात, कोठीघर उघडून दाखवत नाहीत. आख्खी स्क्रीन देणं म्हणजे कोठीघर उघडणं. डेस्कटॉपवरच्या फाइलींची नावं, कोपऱ्यात येणारे मेसेज, खालच्या पट्टीत उघडी असलेली सगळी ॲप, सगळं चव्हाट्यावर.

ब्राउझरचा एकच टॅब दाखवणं सगळ्यात सुरक्षित. दुसऱ्या टॅबवर गेलात तरी लोकांना पहिलाच दिसत राहतो. एखादी वेबसाइट, पीडीएफ, यूट्यूबचा व्हिडिओ यांसाठी टॅबच घ्यावा. एक्सेल किंवा वर्ड दाखवायचं असेल तर विंडो. फक्त ती विंडो आधी उघडून ठेवा आणि मिनिमाइज करू नका, नाहीतर यादीत ती सापडतच नाही किंवा चित्र तिथंच गोठतं. विंडो शेअरमध्ये एक खोट आहे: त्या सॉफ्टवेअरमधून वेगळी उघडणारी छोटी चौकट, म्हणजे 'सेव्ह ॲज' वगैरे, लोकांना काही वेळा दिसत नाही. तुम्ही सांगत असता "इथं क्लिक करा" आणि लोकांना 'इथं' काहीच नसतं.

आख्खी स्क्रीन लागते ती एकाच कामाला. पोर्टल उघडून त्यातून फाइल उतरवायची, मग ती वर्डमध्ये उघडायची, मग परत पोर्टलवर यायचं, अशी उडी मारत शिकवायचं असेल तर. तेव्हाही पुढची तयारी करूनच.

मीटिंगच्या आधी

हा भाग लोक सोडून देतात, म्हणून इथं जरा थांबतो.

समजा औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची बैठक आहे आणि सभासदांना सोयाबीन खरेदीचा हिशोब दाखवायचा आहे. कंपनीच्या एक्सेलमध्ये काय असतं? नाव, गाव, आधार क्रमांक, बँक खातं, आयएफएससी कोड, मोबाईल नंबर, क्विंटल, दर, रक्कम. लोकांना यातलं नाव, क्विंटल, दर आणि रक्कम हवी आहे. बाकीचं दाखवणं म्हणजे सगळ्या सभासदांची खाती आणि आधार एका फटक्यात गावभर वाटणं. मधले कॉलम 'हाइड' करून भागत नाही, कारण बैठक संपली की कुणीतरी म्हणणारच, "सर, ती फाइल टाका की ग्रुपवर." लपवलेला कॉलम कुणीही परत उघडू शकतो. म्हणून हवे तेवढे चार कॉलम घेऊन वेगळी फाइलच करा. कॉपी करताना 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त 'व्हॅल्यूज' घ्या, म्हणजे सूत्रं जुन्या फाइलला चिकटलेली राहत नाहीत.

आता आकार. एक्सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची पट्टी असते. ती १५० टक्क्यांवर न्या, लागलं तर २०० वर. एका वेळी दहा-बारा ओळी दिसल्या तरी चालतील, पण आकडा वाचता आला पाहिजे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. तो मोबाईलवर ५,८२३ वाचला गेला तर पुढची चर्चा कुठं जाईल ते सांगायला नको. खाली सरकवल्यावर शीर्षकाची ओळ गायब होऊ नये म्हणून 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फ्रीझ टॉप रो' करा. ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करायला कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, लहान करायला कंट्रोल आणि उणे. स्लाइडवर मी २८ पॉइंटच्या खाली अक्षर ठेवत नाही. एका स्लाइडवर बसत नसेल तर दोन करायच्या.

मग पडद्याची झाडलोट. व्हॉट्सॲप वेब आणि मेलचे टॅब बंद करा, नुसते मागं ठेवू नका. टॅबच्या नावातही कंसातला न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसतो. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की बुकमार्कची पट्टी जाते. पत्ता टाईप करताना पहिलं अक्षर दाबलं की आधी शोधलेलं सगळं खाली उलगडतं, ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ते टाळायचं तर क्रोमची गेस्ट विंडो उघडून त्यातच काम करा. विंडोज ११ मध्ये विंडोजचं बटन आणि एन दाबलं की नोटिफिकेशनची पट्टी उघडते, तिथल्या घंटीवर क्लिक करून 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. विंडोज १० मध्ये याच सोयीला 'फोकस असिस्ट' म्हणतात.

पॉवरपॉइंट असेल तर माझा आग्रह असा की त्याची पीडीएफ करा, ती क्रोमच्या टॅबमध्ये उघडा आणि तो टॅब शेअर करा. उडत येणारी अक्षरं जातील, जाऊ द्या. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात रेंजच्या एका कांडीवर बसलेल्या शिक्षकाला ती तशीही तुटक तुटकच दिसतात. पॉवरपॉइंटच दाखवायचं असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी एफ५ दाबून स्लाइड शो सुरू करायचा, मग ऑल्ट आणि टॅब दाबून मीटिंगकडे यायचं आणि स्लाइड शोची विंडो शेअर करायची. उलट केलं, म्हणजे आधी फाइल शेअर करून मग एफ५ दाबलं, तर गूगल मीटसारख्या ठिकाणी तुमच्याकडे मोठी स्लाइड आणि लोकांकडे अजून जुनीच फाइल असं होतं.

लॅपटॉपवरून गूगल मीट

१. मीटिंगमध्ये क्रोममधूनच शिरा. माइक म्यूट, कॅमेरा हवा तर चालू.

२. खालच्या पट्टीत चौकोनात वर जाणारा बाण दिसेल. त्याला कुठं 'प्रेझेंट नाऊ' म्हणतात, कुठं 'शेअर स्क्रीन'. त्यावर क्लिक करा.

३. चौकट उघडेल. वर टॅब, विंडो आणि एंटायर स्क्रीन असे तीन पर्याय. टॅब निवडला की उघड्या टॅबची यादी येते. हवा तो निवडा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर तिथंच 'टॅब ऑडिओ शेअर करा' अशा अर्थाचं बटन असतं, ते चालू आहे ना बघा.

४. निळं 'शेअर' बटन दाबा. टॅबच्या वर एक पट्टी येईल, हा टॅब शेअर होतोय असं सांगणारी. ती दिसली म्हणजे काम झालं.

५. दुसरा टॅब दाखवायचा झाला तर बंद करून पुन्हा सुरू करायची गरज नाही. त्या टॅबवर जा, वरच्या पट्टीत 'त्याऐवजी हा टॅब शेअर करा' अशा अर्थाचं बटन असतं, ते दाबा.

६. संपलं की 'स्टॉप'. हे विसरू नका. मीटिंग संपली असं समजून माणसं पुढं मेल उघडतात आणि पंचवीस जण तो वाचत बसतात.

आख्खी स्क्रीन शेअर करून मीटचाच टॅब समोर ठेवला तर मीटिंगच्या आत मीटिंग, तिच्या आत आणखी मीटिंग अशी बोगद्यासारखी रांग दिसते. घाबरायचं कारण नाही, काही बिघडलेलं नसतं. दाखवायची गोष्ट पुढं आणली की रांग जाते.

मोफत खात्यावर तीन किंवा जास्त जण असलेली मीटची बैठक ६० मिनिटांत संपते, झूमची ४० मिनिटांत. तुमचा महत्त्वाचा तक्ता शेवटी ठेवू नका.

झूम आणि टीम्स

झूममध्ये खाली मधोमध हिरवं 'शेअर' बटन असतं. विंडोजवर ऑल्ट आणि एस दाबूनही तेच होतं. उघडलेल्या चौकटीत हवी ती विंडो निवडा आणि दाबण्याआधी खालच्या बाजूची 'शेअर साउंड' ही खूण बघा. शेअर सुरू झालं की त्या विंडोभोवती हिरवी चौकट येते. लोकांना काय दिसतंय याची खात्री त्या चौकटीवरूनच करायची. मीटिंगची नेहमीची पट्टी जागा सोडून वर जाते आणि लाल 'स्टॉप शेअर' तिथं असतं. पट्टी गेली कुठं म्हणून लोक खाली शोधत बसतात.

झूमची मला आवडणारी सोय म्हणजे 'पॉज शेअर'. दाबलं की लोकांकडे शेवटचं चित्र स्थिर राहतं. तेवढ्यात तुम्ही पासवर्ड टाका, फाइल शोधा, चुकून उघडलेलं बंद करा आणि 'रिझ्युम' करा. पोर्टलवर लॉगिन करून दाखवायचं असेल तेव्हा हिचा उपयोग फार होतो.

शेअर दाबल्यावर होस्टने परवानगी दिलेली नाही असा मेसेज आला तर तुमच्याकडे बिघाड शोधू नका. मीटिंग ज्यांनी बोलावली त्यांना सांगा, "सर, शेअरची परवानगी चालू करा." त्यांनी होस्टच्या सेटिंगमध्ये सगळ्यांना शेअर करू द्यायचं आहे, किंवा तुम्हाला को-होस्ट करायचं आहे.

टीम्समध्ये बटन वर उजवीकडे असतं, बाण असलेलं. आवाजाचं बटन शेअरच्या चौकटीतच. बाकी सगळं वरच्यासारखंच.

मॅकबुकवाल्यांनी एक काम मीटिंगच्या आदल्या दिवशी करावं. सिस्टम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी त्या ॲपला द्यावी. ती दिली की ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागतं, आणि ऐन मीटिंगमध्ये हे करायचं म्हणजे बाहेर पडणं आलंच.

मोबाईलवरून

लॅपटॉप नाही म्हणून अडायचं कारण नाही. अंगणवाडीच्या ताईंना ॲपमध्ये नोंद कशी करायची हे दाखवायचं असेल, किंवा शेतकऱ्यांना ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो कुठून काढायचा हे, तर मोबाईलचीच स्क्रीन दाखवली पाहिजे.

अँड्रॉइडवर मीटमध्ये तीन ठिपक्यांत 'शेअर स्क्रीन' असतं, झूममध्ये 'शेअर' आणि मग 'स्क्रीन'. फोन विचारतो की हे ॲप तुमच्या स्क्रीनवरचं सगळं पाहू शकेल, चालेल का. नव्या फोनवर तिथंच एक ॲप की पूर्ण स्क्रीन असा पर्याय मिळतो. मिळत असेल तर एकच ॲप घ्या. मग 'स्टार्ट', होम बटन दाबा, हवं ते ॲप उघडा. मीटिंग मागं चालू राहते, तुमचा आवाज जातच राहतो. आयफोनवर 'स्टार्ट ब्रॉडकास्ट' दाबल्यावर तीन-दोन-एक मोजलं जातं आणि मग शेअर सुरू होतं.

व्हॉट्सॲपनेही ऑगस्ट २०२३ पासून व्हिडिओ कॉलमध्ये ही सोय दिली आहे आणि एका कॉलमध्ये ३२ जण बसतात. पुण्यात शिकणाऱ्या पोराने गावाकडच्या आईला "आई, आता वरच्या तीन टिंबांवर दाब" असं फोनवर तासभर सांगण्यापेक्षा आईलाच स्क्रीन शेअर करायला लावावी. काय उघडलंय ते त्याला दिसतं आणि दोघांचं डोकं शांत राहतं.

मोबाईलवर मोठी पंचाईत नोटिफिकेशनची. ती वरून खाली उतरते आणि निम्मा पडदा झाकते, त्यातच ओटीपीही येतो. अँड्रॉइड १५ पासून शेअर चालू असताना ओटीपी आणि नोटिफिकेशनमधला मजकूर झाकायची सोय आली आहे, पण त्यावर विसंबू नका. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की तासभर फोन करू नका. मीटिंगमध्ये असताना फोन वाजला की आवाज तुटतो आणि सगळ्यांना कोण फोन करतंय तेही दिसतं.

पडदा आडवा करून दाखवा असं सगळीकडे सांगतात. मी उलट सांगतो. समोरचेही मोबाईलवर असतील तर उभाच ठेवा, त्यांच्या हातातला फोनही उभाच असतो. लॅपटॉप किंवा प्रोजेक्टरवर बघणार असतील तर आडवा करा.

फोनपे, बँकेची ॲप वगैरे उघडली आणि लोकांना काळा पडदा दिसला तर ते मुद्दाम तसं केलेलं असतं, सुरक्षेसाठी. पैसे भरलेले सिनेमे दाखवणाऱ्या ॲपचंही तेच.

व्हिडिओ दाखवला, आवाज गेला नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. कारण एकच: चित्र शेअर होतं म्हणजे आवाज आपोआप शेअर होतो असं नाही. मीटमध्ये टॅब शेअर करून टॅबचा आवाज चालू ठेवा, झूममध्ये 'शेअर साउंड', टीम्समध्ये आवाजाचं बटन. हे न करता लॅपटॉपच्या स्पीकरवर व्हिडिओ लावून माइकमधून ऐकवायचा प्रयत्न केला तर विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं, कारण ही ॲप माइकमधला बोलण्याखेरीजचा आवाज गोंगाट समजून दाबतात.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर मीटिंग चालू आहे आणि तिथंच चौघांनी आपापल्या मोबाईलवर तीच लिंक उघडली, की शिट्टी सुरू होते. एका खोलीत एकाच यंत्राचा माइक आणि स्पीकर. बाकीच्यांनी मोबाईलचा आवाज पूर्ण बंद करायचा, नाहीतर बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं.

शेअर चालू असताना

आपलाच मोबाईल दुसऱ्या नावाने मीटिंगमध्ये घेऊन शेजारी ठेवा, माइक बंद, आवाज बंद. लोकांना काय दिसतंय ते तुम्हाला तिथं दिसेल. "दिसायलंय का?" विचारायची गरजच संपते. चित्र किती उशिरा पोचतंय तेही कळतं, आणि बहुतेक वेळा ते तुमच्या बोलण्याच्या मागं असतं. म्हणून पान बदललं की एक श्वास घ्या, मग बोला.

विचारायचंच असेल तर असं विचारा की उत्तर खरं यावं. "दिसतंय का?" ला सगळे हो म्हणतात, मान राखायला. "तिसऱ्या ओळीत कोणतं गाव आहे, कुणी वाचून दाखवता का?" असं विचारलं की कुणाला वाचता येत नाही ते लगेच कळतं. "आमच्याकडं लईच बारीक दिसायलंय सर" हे उत्तर मिळालं तर तुमचा प्रश्न बरोबर होता.

माउस गरगर फिरवू नका. दाखवायचं तिथं नेऊन थांबवा. आणि तोंडानेही सांगा: "उजवीकडं वर, हिरव्या बटनाच्या खाली." काहींनी पडदा बोटांनी मोठा केलेला असतो, त्यांना तुमचा बाण दिसतच नाही. काही जण फक्त ऐकत असतात, गाडीवर किंवा औत चालू असताना. त्यांच्यासाठी आकडा वाचून दाखवा.

नेट आणि लाईट

स्थिर स्लाइड दाखवायला फार डेटा लागत नाही. झूमच्याच हिशोबाने नुसत्या स्क्रीन शेअरला सेकंदाला ५० ते ७५ किलोबिट लागतात, म्हणजे तासाला पस्तीसेक एमबीच्या आत. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला ६०० किलोबिट आणि त्याच्या पुढं. म्हणून "आवाज तुटायलाय सर" असं ऐकू आलं की पहिल्यांदा आपला कॅमेरा बंद करा, शेअर चालू ठेवा. चेहरा सगळ्यांनी सुरुवातीला बघितलेलाच असतो. पानं भराभर सरकवणं आणि व्हिडिओ लावणं मात्र जड पडतं. व्हिडिओ असेल तर त्याची लिंक ग्रुपवर टाकून लोकांना त्यांच्या सवडीने बघायला सांगणं उत्तम.

लाईटचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वायफायचा राउटर बंद पडतो, हे ऐन वेळी लक्षात येतं. मोबाईलचं हॉटस्पॉट आधीच एकदा लॅपटॉपला जोडून ठेवा, म्हणजे पासवर्ड शोधत बसावं लागत नाही. आणि दाखवायची पीडीएफ मीटिंगच्या आधी एखाद्या सहकाऱ्याला पाठवून ठेवा. तुम्ही बाहेर फेकले गेलात तर तो तीच शेअर करेल आणि तुम्ही फोनवरून नुसतं बोलू शकाल.

अनोळखी माणूस स्क्रीन शेअर करायला सांगतो तेव्हा

वर जे सगळं सांगितलं ते तुम्ही स्वतःहून, ओळखीच्या लोकांना दाखवताना. उलट दिशेने विनंती आली तर गोष्ट वेगळी. "बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी संपलंय", "लाईटबिल अपडेट नाही, आज रात्री कनेक्शन कापलं जाईल", "अनुदान अडकलंय, एक ॲप घ्या, मी करून देतो" असे फोन येतात. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून स्क्रीन शेअर करायला लावतात, किंवा एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं ॲप उतरवून त्यावरचा आकडा विचारतात. ही ॲप वाईट नाहीत, कंपन्यांतली मंडळी ती रोज वापरतात. पण आकडा दिला आणि परवानगी दिली की समोरच्याला तुमचा पडदा दिसतो आणि काही वेळा तो चालवताही येतो. नुसती स्क्रीन शेअर केली तरी येणारा ओटीपी त्याला तुमच्याबरोबरच दिसतो. पैसे जायला तेवढं पुरतं. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कच्या नावाने बँकांना सावध केलं होतं, आणि तरी हे थांबलेलं नाही.

बँक, महावितरण, कृषी कार्यालय, पोलीस यांपैकी कुणालाही तुमचं काम करायला तुमचा मोबाईल बघायची गरज नसते. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" असं कुणी म्हणालं तरी फोन ठेवायचा, कारण अशी अटक कायद्यात नाहीच.

शेअर केलेलं असेल आणि शंका आली तर विचार करत बसू नका. आधी फोनचं नेट बंद करा, म्हणजे शेअर तिथंच तुटतं. मग ते ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. उद्या तालुक्याला जाऊन ठाण्यात सांगू असं म्हणू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायच्या आत तक्रार पोचली तर ते मधेच अडवता येतात. फोन करताना व्यवहाराचा मेसेज, वेळ आणि रक्कम समोर ठेवा, तेच आधी विचारतात.